शिटी घालणारी किटली : आलेस्सी घराण्याची शंभर वर्षं

घरातली घडण : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण फिनलंडच्या इत्ताला काचकारखान्याची वाटचाल पाहिली. आज मुक्काम उत्तर इटलीत. मिलानच्या वायव्येला, आल्प्सच्या पायथ्याशी, ओर्ता नावाचं छोटं सरोवर आहे आणि त्याच्या उत्तर टोकाला ओमेन्या हे गाव. लाकूड आणि धातू लेथवर घडवणाऱ्यांचा हा मुलूख. जोवान्नी आलेस्सी हा त्यांतलाच एक कारागीर. १९२१ साली त्याने इथे पत्र्याच्या भांड्यांचा कारखाना काढला. पितळेची, तांब्याची, जर्मन सिल्व्हरची कॉफीपात्रं, ट्रे आणि टेबलावरची भांडी. वर निकेलचा, क्रोमचा नाहीतर चांदीचा मुलामा. माल चोख, पण अशी भांडी करणारे त्या भागात इतरही होते.

त्यांतला हाच कारखाना जगभर का पोहोचला? या घराण्याचा प्रवास बघताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. कारागीर आणि डिझाइनर यांच्यामध्ये उभा राहून दोघांचीही जबाबदारी घेणारा माणूस इथे प्रत्येक पिढीत निघाला. कंपनीची वाढ समजून घ्यायची, तर या मधल्या माणसाकडे बघायला हवं.

पत्र्याचं शास्त्र

जोवान्नीचा मुलगा कार्लो हा डिझाइनचं शिक्षण घेतलेला. १९४५ साली त्याने ‘बोंबे’ हा चहा-कॉफीचा संच आखला. फुगीर, गोलसर, कसलीही नक्षी नसलेला हा संच पुढे कित्येक दशकं कंपनीच्या यादीत टिकून राहिला. कार्लोचा धाकटा भाऊ एत्तोरे याचं मन यंत्रात रमायचं. थंड पत्रा प्रेसखाली दाबून घडवण्यात त्याचा हातखंडा होता.

हे तंत्र थोडं समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. युद्धानंतर मुलाम्याच्या भांड्यांची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली. स्टील गंजत नाही, कल्हई मागत नाही, पण घडवताना हट्टीपणा करतं. प्रेसखाली दाबलं की ते कडक होतं. आणखी दाबलं की तडकतं. म्हणून खोल भांडं एका दाबात होत नाही. आधी उथळ वाटी, मग जरा खोल, मग आणखी खोल. मध्ये गरज पडली तर भट्टीत तापवून पत्रा पुन्हा नरम करायचा. प्रत्येक टप्प्याची डाय वेगळी आणि प्रत्येक डाय महाग. शेवटी बफिंग, आणि त्यात पत्र्यावरचा बारीकसा ओरखडाही लपत नाही.

म्हणजे कागदावर सहज ओढलेली एक वळणदार रेघ कारखान्यात लाखोंचा खर्च होऊन येते. रेघ ओढणाऱ्याला पत्र्याची मर्यादा कळली नाही, तर पैसा बुडतो. प्रेसवाल्याने ‘हे होणार नाही’ म्हणून लगेच हात झटकले, तर नवं काही जन्मत नाही. एत्तोरेने १९५५च्या सुमारास बाहेरच्या डिझाइनरांना कारखान्याची दारं उघडली, ती हा धोका पुरता ओळखून. पत्र्याची भाषा त्याला येत होती, म्हणून पाहुण्याशी बोलायची भीती त्याला नव्हती.

तिसरी पिढी

कार्लोचा मुलगा आल्बेर्तो १९७० साली, कायद्याची पदवी घेऊन, धंद्यात आला. त्याचं आजोळही भांड्यांचंच. आईचे वडील अल्फोन्सो बियालेत्ती. १९३३ सालचं ‘मोका’ हे अष्टकोनी ॲल्युमिनियमचं कॉफीपात्र त्यांच्याच कारखान्यातलं. इटलीतल्या स्वयंपाकघरांत ते आजही सर्रास दिसतं. रोज हाताळलं जाणारं एक भांडं अख्ख्या देशाची सवय कसं बनतं, हे आल्बेर्तोने घरातच पाहिलं होतं.

१९७८ साली एत्तोरे सोत्सास या डिझाइनरने मीठ, मिरपूड, तेल आणि व्हिनेगर यांचा एक देखणा संच आलेस्सीला दिला. पुढच्याच वर्षी रिचर्ड सॅपरचं ‘९०९०’ हे कॉफीपात्र आलं. मोकाचे दोन भाग एकमेकांवर फिरवून घट्ट करावे लागतात. सॅपरने आटे काढून टाकले आणि खटका बसवला. एका हाताने उघडतं, एका हाताने बंद होतं. तळ रुंद ठेवल्याने आच नीट लागते. या पात्राला ‘कोंपासो द’ओरो’ हा इटलीतला डिझाइनचा मानाचा पुरस्कार मिळाला आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतलं.

आल्बेर्तोचं खरं धाडस त्यापुढचं. आलेस्सांद्रो मेंदिनी या वास्तुकाराला हाताशी धरून त्याने अकरा वास्तुकारांना चहा-कॉफीचा एकेक संच आखायला सांगितलं. हान्स होलाइन, आल्दो रोस्सी, रॉबर्ट व्हेंच्युरी, मायकेल ग्रेव्हज अशी मंडळी. बहुतेकांनी तोवर इमारती बांधल्या होत्या, भांडी नाही. १९८३ साली हे संच लोकांसमोर आले. चांदीचे, आणि प्रत्येकाच्या फक्त ९९ प्रती. ते संग्राहकांनी आणि संग्रहालयांनी घेतले. हिशेबाच्या वहीत हा उपक्रम किरकोळच दिसला असता. पण कोणाचा हात भांड्याला लागू पडतो, हे आल्बेर्तोला त्यातून कळलं. अकरांपैकी ग्रेव्हज आणि रोस्सी या दोघांना त्याने पुढे रोजच्या वापराच्या वस्तूंसाठी बोलावलं.

एक किटली जवळून

ग्रेव्हजची किटली १९८५ साली बाजारात आली. डोळे अमेरिकेच्या बाजारावर होते आणि तिथे किटली म्हणजे पाणी झटपट उकळण्याचं साधन. म्हणून ग्रेव्हजने तिला शंकूचा आकार दिला : खाली रुंद, वर निमुळती. रुंद तळ आच भरपूर घेतो. कमानीसारख्या तारेच्या मुठीवर निळं जाड आवरण आहे, चटका लागू नये म्हणून. तळालगत बारीक उठावदार ठिपक्यांची एक ओळ फिरते. पत्र्याला रिबिटं मारल्याचा भास होतो. आणि तोटीच्या टोकावर लाल प्लास्टिकचा एक छोटा पक्षी. पाणी उकळलं की तो शीळ घालतो.

पक्षी काढला तरी पाणी उकळेलच. पण सकाळी डोळे चोळत ओट्याशी आलेल्या माणसाला तो हसवतो, आणि लोकांनी पैसे मोजले ते या हसण्यासाठीही. ही किटली दहा लाखांहून अधिक विकली गेली. कंपनीच्या सर्वांत खपलेल्या वस्तूंत तिची गणना होते. ९९ प्रतींच्या त्या चांदीच्या संचांवर केलेला खर्च असा फळाला आला.

शिटीची कल्पना आलेस्सीत दोनच वर्षं आधी आली होती. सॅपरच्या १९८३च्या किटलीत पितळेच्या दोन नळ्या आहेत आणि वाफ आली की त्यांतून दोन सूर एकदम निघतात. या नळ्या जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या एका कारागिराकडून करून घेतल्या जायच्या. स्वयंपाकघरातल्या शिटीसाठी सूर जुळवणारा माणूस शोधत सरहद्द ओलांडायची, याला मी व्यवसायातली निष्ठा म्हणतो.

फसण्याची मुभा

१९९० साली फिलिप स्टार्कचा लिंबू पिळायचा तीन तंगड्यांचा ‘ज्युसी सालीफ’ आला. पिळताना बियाही पेल्यात पडतात अशी तक्रार झाली; तरी लोकांनी तो दिवाणखान्यात मांडून ठेवण्यासाठी घेतला. त्याच स्टार्कची ‘हॉट बेर्ता’ ही किटली मात्र साफ फसली. मूठ आणि तोटी मिळून एकच तिरकी नळी, आत वाफ अडवण्याची गुंतागुंतीची रचना. वापरणाऱ्यांना ती जमेना आणि १९९७ साली ती मागे घेतली गेली.

आल्बेर्तो या फसगतीबद्दल उघडपणे बोलत आला आहे. त्याचं म्हणणं असं : लोकांना भावेल आणि लोकांना झेपणार नाही, यांमधली सीमारेषा डोळ्यांना दिसत नाही, एखादी वस्तू आपटली की तेवढ्यापुरती ती दिसते. जे सतत रेषेच्या अलीकडे सुरक्षित राहतात, त्यांच्या वस्तू हळूहळू एकसारख्या होतात. मात्र धाडस आंधळंही नको, म्हणून कंपनीने नव्या नमुन्याला गुण देण्याची पद्धत बसवली. निकष चार : वस्तू काम कसं करते, तिची किंमत काय, ती बाळगणाऱ्याबद्दल चार लोकांना काय सांगते, आणि ती मनाला, आठवणींना स्पर्श करते का. यातले पहिले दोन कोणताही कारखानदार तपासतो. उरलेले दोन कागदावर आणणं, हे आलेस्सीचं वेगळेपण.

नव्वदीच्या दशकात रंगीत प्लास्टिकच्या वस्तू आल्या आणि तरुण गिऱ्हाईक मिळालं. २००६ साली कंपनीने माल तीन नावांखाली विभागला : मोजक्या प्रतींचा, नेहमीचा आणि स्वस्तातला. पुढे भांडवलाची गरज पडली आणि २०१९ साली एका ब्रिटिश गुंतवणूक कंपनीने ४० टक्के हिस्सा घेतला. कुटुंबाचा धंदा असा बदलतो तेव्हा हुरहुर वाटते, पण हात आणि कल्पना यांना एकत्र नांदवायला पैसा लागतो, हेही खरं.

आपल्यासाठी काय?

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासून तांब्यावर काम करते. तिथलं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्र्यावर उमटवलेले चकाकते ठिपके, जगात कुठेही उजवं ठरेल. डिझाइनर घडवणारी संस्थाही फार लांब नाही. पवईच्या आयआयटीतलं औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ पासून चालू आहे. हात आहेत, कल्पना आहेत. कमी आहेत ती एत्तोरे आणि आल्बेर्तोसारखी माणसं : पत्रा कुठे तडकतो हे जाणणारी, चित्रकाराची रेघ जपणारी, आणि एखादी डाय वाया गेली तर तो तोटा कारागिराच्या मजुरीतून न कापता स्वतः सोसणारी. प्रदर्शनं आणि पुरस्कार जरूर असावेत, पण माझ्या मते पहिली गुंतवणूक अशा माणसांमध्ये व्हायला हवी. तांबट आळीतल्या मुलाने बापाची हातोडी उचलावी असं आपल्याला वाटत असेल, तर त्याच्या शेजारी बसून नव्या नमुन्याची जोखीम वाटून घेणारं कोणीतरी आधी उभं राहिलं पाहिजे.

(पुढच्या लेखांकात : १९६० साली जॉन बिसेल यांनी दिल्लीत सुरू केलेली ‘फॅबइंडिया’ – निर्यातीच्या धंद्यातून घराघरांत.)