पडदा तोच, अक्षरे मात्र नेटकी!

मालाड, खास प्रतिनिधी

मालाड पश्चिमेला माइंडस्पेस संकुल उभे राहिले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात हे उपनगर संगणकासमोर बसून काम करणाऱ्यांचे ठिकाण बनले. मार्च २०२० च्या टाळेबंदीने कार्यालयातले ते टेबल अनेकांच्या घरात आणले आणि दोन खोल्यांच्या संसारात लॅपटॉपला जोडलेला मोठा मॉनिटरही आला. त्यासोबत एक तक्रार हमखास ऐकू येते. लॅपटॉपवर रेखीव दिसणारी अक्षरे मोठ्या पडद्यावर मुंगीएवढी दिसतात आणि ती मोठी करावीत तर पुसट होतात! अशा वेळी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा आणि नवा, महागडा मॉनिटर घरी आणायचा, एवढाच मार्ग अनेकांना सुचतो. तो खर्च करण्यापूर्वी 'आभासी पडदा' ही सोय समजून घेणे हिताचे ठरेल.

यादी ठरवतो कोण?

मॉनिटर जोडताच तो आपली ओळख संगणकाला देतो. आपण कोणत्या कंपनीचे, आपल्यावर आडवे-उभे बिंदू किती, चित्र सेकंदाला किती वेळा बदलू शकतो, ही माहिती 'ईडीआयडी' नावाच्या छोट्याशा नोंदीत असते. ती वाचून संगणक रिझोल्यूशनचे पर्याय वापरणाऱ्यापुढे ठेवतो. मात्र यादीत काय दाखवायचे आणि काय वगळायचे, याचा अंतिम निर्णय संगणकाच्या कार्यप्रणालीचा असतो. पर्याय अपुरे असले, तर दोष दर वेळी मॉनिटरचाच असतो असे नाही.

विंडोज प्रणालीत अक्षरांचा आकार १२५ किंवा १५० टक्के करता येतो, त्यामुळे तेथे ही अडचण कमी भासते. अॅपलच्या मॅक संगणकांची रीत वेगळी आहे. 'रेटिना' पडद्यांसाठी ही प्रणाली प्रत्येक अक्षर दुप्पट रुंदी व दुप्पट उंचीच्या बिंदूंमध्ये रेखाटते, म्हणून ते रेखीव दिसते. बाहेरचा मॉनिटर २७ इंची आणि २५६० बाय १४४० बिंदूंचा असेल, तर त्यावर इंचाला सुमारे १०९ बिंदू बसतात. एवढ्या घनतेच्या पडद्याला ही दुप्पट रेखाटनाची सोय सोयीच्या आकारात सहसा देऊ केली जात नाही. शिवाय २०१८ च्या 'मोहावे' आवृत्तीपासून अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची एक जुनी पद्धत मॅकवर मूळ मांडणीतून काढण्यात आली. कमी घनतेच्या पडद्यांवर तिची उणीव अधिक जाणवते.

युक्ती काय आहे?

पूर्वी छापखान्यासाठी चित्रे काढणारे कलावंत मूळ चित्र मोठ्या आकारात काढत आणि ठसा करताना ते लहान केले जाई. त्यामुळे रेघांचा ओबडधोबडपणा झाकला जाई. आभासी पडद्याचे तत्त्व हेच आहे. प्रत्यक्षात नसलेला एक मोठा मॉनिटर जोडलेला आहे, असे ही आज्ञावली संगणकाला भासवते. संगणक त्या काल्पनिक पडद्यावर दुप्पट बिंदूंत चित्र रेखाटतो आणि ते लहान करून खऱ्या मॉनिटरवर उमटवले जाते.

एक उदाहरण घेऊ. वरील मॉनिटरवर अक्षरे सव्वापट मोठी हवी आहेत. साध्या मार्गाने २०४८ बाय ११५२ हा पर्याय निवडला, तर तेवढ्याच बिंदूंत काढलेले चित्र ताणून २५६० बाय १४४० वर बसवले जाते आणि ते पुसट होते. आभासी पडद्यावर तेच चित्र आधी ४०९६ बाय २३०४ बिंदूंत काढले जाते व मग लहान केले जाते. अक्षराचा आकार तोच राहतो, पण कडा अधिक नेटक्या दिसतात.

मॅकसाठी या प्रकारची परिचित आज्ञावली म्हणजे 'बेटरडिस्प्ले'. २०२१ मध्ये ती 'बेटरडमी' या नावाने आली होती. तिच्यातील काही सोयी विनामूल्य आहेत, तर काहींसाठी पैसे मोजावे लागतात.

मराठीत काम करणाऱ्यांना या फरकाचे महत्त्व अधिक आहे. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतला भेद शिरोरेषेतल्या लहानशा फटीवर अवलंबून असतो. ही फट आणि अनुस्वाराचा ठिपका एक-दोन बिंदूंत सामावतो. तोच पुसट झाला, तर मुद्रितशोधन करणाऱ्याच्या नजरेतून चूक सहज निसटते.

मर्यादाही आहेत

काचेवर जेवढे बिंदू आहेत तेवढेच राहतात, कोणतीही आज्ञावली त्यांत भर घालू शकत नाही. म्हणून २७ इंची '४-के' मॉनिटरची सर याला येणार नाही. २५६० बाय १४४० साठी ५१२० बाय २८८० चा आभासी पडदा घेतला, तर संगणकाला चौपट, म्हणजे सुमारे १ कोटी ४७ लाख बिंदू रेखाटावे लागतात. जुन्या यंत्रावर त्याचा भार जाणवतो. हक्क-संरक्षित चित्रपट अशा पडद्यावर काही वेळा दिसत नाहीत. कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आल्यावर मांडणी बिघडू शकते. लॅपटॉप कंपनीचा असेल, तर तेथील संगणक विभागाच्या परवानगीवाचून काहीही बसवू नये.

त्याआधी केबल तपासावी. 'एचडीएमआय १.४' जोडणीतून '४-के' चित्र सेकंदाला फार तर ३० वेळा बदलते, तर २०१३ मध्ये आलेल्या २.० मानकात ही मर्यादा ६० वर गेली. पुष्कळदा सारा घोटाळा जुन्या केबलमुळेच झालेला असतो.

तेव्हा आधी केबल, मग प्रणालीतील उपलब्ध पर्याय, त्यानंतर आभासी पडदा, असा क्रम ठेवावा. आठवडाभर वापरूनही डोळ्यांना ताण जाणवत असेल, तरच नव्या मॉनिटरसाठी खिशात हात घालावा.