चिमट्यातून उडालेला तुकडा

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून खऱ्या विमानाची, रणगाड्याची किंवा जहाजाची हुबेहूब प्रतिकृती करण्याचा छंद जगभर आहे. ब्रिटनमधल्या एअरफिक्स कंपनीने १९५० च्या दशकात स्पिटफायर या लढाऊ विमानाचा १:७२ प्रमाणातला संच बाजारात आणला. आज असे हजारो संच मिळतात. ‘मन शांत होतं, हातांना काम मिळतं’ म्हणून मुलांना आणि निवृत्त मंडळींना हा छंद आवर्जून सुचवला जातो.

प्रत्यक्षात टेबलाशी बसणाऱ्याचा अनुभव वेगळाच असतो. तुकडा हरवतो, बोटे चिकटतात, रंग फुटतो, मान आखडते आणि शांत होण्यासाठी बसलेला माणूस वैतागून उठतो. या वैतागाचे खापर तो स्वतःच्या वेंधळेपणावर फोडतो. खरे तर त्यातली बरीचशी कारणे डोळा, स्नायू आणि त्वचा यांच्या कामकाजात दडलेली असतात. ती समजली तर चिडचिड कमी होते आणि मुख्य म्हणजे, ज्यांकडे दुर्लक्ष करू नये अशा काही गोष्टी वेळीच लक्षात येतात.

डोळ्यांची मर्यादा

१:७२ प्रमाणात साडेपाच फुटांचा वैमानिक जेमतेम सव्वादोन-अडीच सेंटिमीटरचा होतो. त्याचे डोके ज्वारीच्या दाण्याहून मोठे नसते. त्यावर डोळे-भुवया रंगवायच्या असतात! चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे स्पष्ट दिसेनासे होते. शिवाय वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणूनच पूर्वी पुरणारा दिवा आता अंधूक वाटतो.

त्यातच बारीक कामात गढून गेल्यावर पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. जवळच्या कामाचा योग्य नंबर, बाजूने येणारा भरपूर प्रकाश, स्टँडवरचे भिंग आणि दर वीस मिनिटांनी नजर खिडकीबाहेर लांब टाकणे, हे साधे उपाय आहेत. काम डोळ्यांच्या दिशेने वर उचलणारा छोटा पाट किंवा डबा टेबलावर ठेवला, तर मानही वाचते.

हात थरथरतो म्हणजे काय?

प्रत्येक निरोगी माणसाचा हात थरथरतो. सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होणारे हे कंपन इतके सूक्ष्म असते की चहाचा कप उचलताना ते जाणवत नाही. पण चिमट्याच्या टोकावर दोन मिलिमीटरचा तुकडा धरला की ते स्पष्ट दिसते. कडक कॉफी, अपुरी झोप, रिकामे पोट आणि चिडचिड यांनी ते वाढते. दम्यासाठीच्या साल्ब्युटामॉलसारख्या औषधांनीही ते वाढते. मात्र औषध मनाने बंद करू नये. सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करणारे सर्जन मनगट टेकवूनच काम करतात. तीच युक्ती इथेही लागू पडते.

ही थरथर पाहून काही जण ‘कंपवात झाला’ अशी धास्ती घेतात. संच माळ्यावर जातो आणि भीतीपोटी डॉक्टरांकडे जाणेही टळते. पार्किन्सन आजारातली थरथर बहुधा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना दिसते, एका बाजूने सुरू होते आणि हात कामाला लागला की कमी होते. सोबत हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होते, चालताना एक हात हलेनासा होतो. याउलट, काम करताना किंवा हात पुढे धरल्यावर दोन्ही हातांत येणारी, घरात आणखी कुणाला असलेली थरथर बहुतेकदा वेगळ्या प्रकारची असते. तिच्यावर औषधे आहेत. थायरॉइड वाढल्यानेही हात कापतात आणि ते साध्या रक्तचाचणीत कळते. पूर्वी जमणारे काम काही महिन्यांत जमेनासे झाले असेल, तर तपासणी करून घ्यावी. अनेकदा निदान भीतीपेक्षा सौम्य निघते.

तुकडा जातो कुठे?

चिमटा दाबला की त्याच्या पात्यांत स्प्रिंगसारखी शक्ती साठते. तुकडा किंचित तिरका झाला की ती मोकळी होते आणि तो नजर पोचण्याआधीच उडून जातो. राखाडी प्लास्टिक फरशीच्या रंगात मिसळते. अशा वेळी जागेवरून ताडकन उठू नये, पायाखाली तुकडा तुटण्याची शक्यता अधिक. खोलीतला दिवा मालवून टॉर्च जमिनीलगत आडवी धरावी. बारीक तुकड्याचीही लांब सावली पडते आणि तो सापडतो. शोधकामाचे खरे कारण मात्र घरात रांगते मूल असेल तर आहे. जमिनीवरची वस्तू ते थेट तोंडात घालते आणि ती श्वासनलिकेत अडकू शकते.

गोंद आणि वाफ

या संचांसाठीचा खास गोंद प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो. म्हणून गोंदाचे बोट लागले की ठसा कायमचा उमटतो. जे द्रावण प्लास्टिक विरघळवते, त्याची वाफ फुप्फुसांतून रक्तात जाते. डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे ही ‘एकाग्रतेची थकावट’ नसून वाफेचा परिणाम असू शकतो. पावसाळ्यात खिडक्या लावून काम केले जाते. दमट हवेत काही रंग पांढुरके पडतात, हा त्रास वेगळाच. एसी म्हणजे खेळती हवा नव्हे. फवाऱ्याने रंग मारताना तर खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने हवा फेकणारा हवा. साधा एन-९५ मास्क घासकामाची धूळ अडवतो, वाफ नाही. घासकाम ओल्या पॉलिश पेपरने केले तर धूळ उडतच नाही.

काही किशोरवयीन मुले अशी द्रावणे मुद्दाम हुंगतात. त्यात हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो. विमान पुढे सरकत नाही आणि गोंद मात्र संपतो आहे, हे पालकांच्या लक्षात यायला हवे.

झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे घामट बोटे त्याला फार प्रिय. त्याच्या वाफेने पारदर्शक काचेवर पांढरी साय येते. हीच वाफ गुन्हे तपासात बोटांचे ठसे उमटवायला वापरतात! बोटे चिकटली तर ओढू नयेत; कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोलल्यासारखी सोडवावीत. सांडलेला गोंद कापसाने पुसू नये. कापसाशी संपर्क येताच तो भाजण्याइतका तापू शकतो. डोळ्यात गेला तर पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत, पाण्याने धुवावे आणि नेत्रतज्ज्ञ गाठावा. ॲसिटोन डोळ्याजवळ नेऊच नये.

पात्याची जखम

छंदाच्या सुरीचे पाते आणि शस्त्रक्रियेतले अकरा नंबरचे पाते यांचा आकार जवळपास सारखाच. बोथट पात्याला जास्त जोर लावावा लागतो आणि तेच निसटते. गोल दांड्याची सुरी टेबलावरून घरंगळली तर झेलू नये, पाय मागे घ्यावा. जखम लहान दिसली तरी बोटाचे टोक वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर स्नायुबंध किंवा चेता कापली गेल्याची शंका घ्यावी. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हेही सांगावे.

अर्धवट राहिलेले विमान

सगळे करूनही बरेच संच अर्धेच राहतात. माणसाला स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूचे मोल अधिक वाटते, हे मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दाखवले. मात्र काम पूर्ण झाले तरच. अर्धवट वस्तू ती माया देत नाही, उलट मनाला टोचत राहते. म्हणून मोठ्या जहाजाऐवजी कमी भागांचा संच निवडणे शहाणपणाचे. दात-ओठ खाऊन रात्री एकपर्यंत बसण्यात अर्थ नाही. थकलेला हात अधिक थरथरतो, थरथरीने चूक होते, चुकीने राग येतो आणि रागाने थरथर आणखी वाढते. हे चक्र तोडण्याचा उपाय एकच: गोंदाचे झाकण लावावे, सुरीला टोपण घालावे आणि झोपावे. प्लास्टिक सकाळपर्यंत थांबते.