दार कुरतडणारा कुत्रा : खोड की भीती?

शेतकऱ्याच्या घरी कुत्रा म्हणजे बिनपगारी राखणदार. रात्री मळ्यात रानडुकरे शिरली की पहिली चाहूल त्यालाच लागते. अशा कुत्र्याला काही खोड लागली तर आपण दोनच उपाय जाणतो : काठी आणि साखळी. आमच्या घरी आम्ही दोन्ही करून पाहिले व दोन्ही फसले. ती हकीकत इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावी म्हणून हे लिहीत आहे.

मोत्या आम्हांला बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला सापडला. तेव्हा तो सहा-सात महिन्यांचा असेल. घरात माणूस असेतोवर त्याच्याइतका शहाणा कुत्रा नाही. पण घराला कुलूप लागले की त्याचे भान सुटे. एका रविवारी आम्ही सगळे चर्चहून परतलो तो मागील दाराची खालची फळी कुरतडलेली, उंबऱ्यावर रक्त, पुढच्या पायांची दोन नखे तुटलेली आणि छाती लाळेने भिजलेली. पेरणीसाठी राखून ठेवलेले बियाण्याचे पोतेही फाडलेले. मी काठी उचलली. पुढच्या आठवड्यात त्याने दुसरे दार फोडले. मग साखळीने बांधला, तर ओढून ओढून गळ्याला जखम करून घेतली. शेवटी, त्याला ट्रकमधून घाटापलीकडे सोडून यावे असे ठरले. घरच्या मंडळींनी मात्र हट्ट धरला की आधी एकदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

आधी पिसाळ नाही याची खात्री

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो रेबीजच्या लशीचा. कुत्र्याचे वागणे एकाएकी बदलले, तो लाकूड-माती चावू लागला, आवाज घोगरा झाला, जबडा लोंबू लागला, घोट गिळता येईना, तर त्याला हात लावू नये. तो चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची लावीत बसू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. मोत्याचे तसे नव्हते. त्याचा त्रास कित्येक महिन्यांचा होता, तोही फक्त एकटा असताना. आम्ही परतलो की तो नीट जेवी.

ही खोड नव्हे

खोडकर पिल्लू जे सापडेल ते चावते. एकटेपणाला भिणारा कुत्रा मात्र बहुधा दार, खिडकी, उंबरा अशा बाहेर पडण्याच्या वाटांवर तुटून पडतो. तो रडतो, धापा टाकतो, लाळ गाळतो, घरात घाण करतो. आणि हे सारे बहुधा घर सोडल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होते.

अशी भीती किती खोल जाते याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत १९२४ साली लेनिनग्राडच्या पुरात कुत्री बुडता बुडता वाचली. पुढे त्यांतील काही कुत्री शिकलेले विसरली, आणि दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडताच एकाची भीती पुन्हा उफाळून आली.

“पण आपण काय केले ते त्याला कळते, म्हणून तर मान खाली घालतो,” असे आपण म्हणतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले की, मालक रागावला की कुत्रा तसा ‘अपराधी’ चेहरा करतो, मग त्याने काही केलेले असो वा नसो. म्हणजे उशिरा दिलेल्या मारातून तो एवढेच शिकतो की धन्याचे परतणेही भयाचे. एकटेपणाची भीती होतीच, तिच्यात दुसरीची भर पडते.

काय करावे

१. शिकवणीच्या काळात त्याला शक्यतो एकटे ठेवू नये. आम्ही त्याला शेतावर नेऊ लागलो. बाजाराच्या दिवशी शेजारच्या आजींच्या सोप्यात ठेवू लागलो.

२. किल्ली, छत्री, चपला ही निघण्याची चिन्हे कुत्रा ओळखतो. दिवसातून अनेकदा किल्ली उचलावी आणि घरातच बसावे. काही दिवसांत त्या आवाजातले भय जाते.

३. मग दाराबाहेर दहा सेकंद उभे राहून परत यावे. पुढे अर्धे मिनिट, दोन मिनिटे, पाच मिनिटे. तो घाबरण्यापूर्वीच परतावे. घाबरला तर वेळ फार वाढवली असे समजून मागे यावे. अर्ध्या तासापर्यंतचा टप्पा सर्वांत अवघड. त्यापुढे वेळ लवकर वाढवता येतो.

४. जाताना-येताना लाडाचा गोंधळ करू नये. बाहेर पडण्याआधी त्याला चांगले फिरवून आणावे आणि भाकरीचे तुकडे पडवीत विखरून हुंगत शोधावयास लावावे.

५. दिवाळी, गणपती, नाताळला फटाक्यांच्या आधीच त्याला आतल्या खोलीत न्यावे, खिडक्या लावाव्यात, रेडिओ चालू ठेवावा. भ्यालेला कुत्रा जवळ आला तर त्याला हाकलू नये. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही.

औषधाविषयी

भीती फार असेल तर शिकवणीच्या जोडीला औषध लागते. क्लोमिप्रामीन हे औषध अमेरिकेत १९९८ साली कुत्र्यांच्या याच विकारासाठी मंजूर झाले. अशा औषधांचा गुण यावयास काही आठवडे लागतात व ती एकाएकी बंद करावयाची नसतात. मात्रा जनावरांच्या डॉक्टरांनीच ठरवावी. माणसांच्या गोळ्या आपल्या मनाने कधीही देऊ नयेत. साधी पॅरासिटामॉलही कुत्र्याला विषारी ठरू शकते.

नवे पिल्लू आणताना आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. तीन ते बारा आठवड्यांच्या वयात जी माणसे, जनावरे व आवाज त्याच्या ओळखीचे होतात, त्यांची भीती पुढे कमी राहते.

आणखी एक गोष्ट. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या कायद्याने, उपाशी-तहानलेला मरेल अशा जागी जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरविणे हाही गुन्हाच. घाटापलीकडे जाण्याचे आमचे ठरले होते तेव्हा हे मला ठाऊक नव्हते.

मोत्याला पाच महिने लागले. तो पूर्ण बरा झाला असे म्हणणार नाही. तीन तासांवर त्याला आजही एकटे ठेवत नाही, आणि फटाके वाजले की तो अजून खाटेखाली शिरतो. पण दारे शाबूत आहेत, नखे वाढली आहेत. मागील दाराची ती कुरतडलेली फळी मात्र मी मुद्दाम बदललेली नाही. काठीकडे हात जाऊ लागला की तिच्याकडे पाहतो.