खिम्याला मटणाचे नियम लागत नाहीत

तुकडे आणि खिमा एकाच बोकडाचे असले, तरी घरात आल्यावर दोघांची तऱ्हा वेगळी असते. अखंड तुकड्याच्या आत सहसा जंतू नसतात. असतात ते वरच्या बाजूला: सुरीवरून, लाकडी ठोकळ्यावरून, हातावरून, माशीच्या पायांवरून आलेले. तुकडा गरम तेलात पडला की सगळ्यात आधी तेच मरतात. खिमा करताना मात्र ही वरची बाजूच बारीक होऊन आत मिसळते. जे बाहेर होतं ते सगळीकडे होतं. हे लक्षात घेतलं की खिम्याबद्दलचे बरेचसे समज आपोआप ढिले पडतात.

‘आपल्याकडे बड्याचा खिमा बंदच आहे’

अर्धं खरं. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर बंदी 1976 च्या प्राणी संरक्षण कायद्यापासून आहे. विधिमंडळाने 1995 मध्ये केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती 2015 मध्ये, आणि त्या वर्षीच्या मार्चपासून वळू आणि बैलही बंदीत आले. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. परराज्यात कायदेशीररीत्या झालेल्या कत्तलीचं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये रद्द केलं. कत्तलीवरची बंदी कायम ठेवली. म्हशी-रेड्यांना ही बंदी लागू नाही, मात्र परवानगी आणि तपासणीच्या अटी आहेत. म्हणजे यवतमाळ, पुसद, वणी किंवा उमरखेडला बड्याचा खिमा घेणाऱ्याच्या पिशवीत म्हशीचाच खिमा असायला हवा. परदेशी पाककृतीत ‘ग्राउंड बीफ’ लिहिलेलं असलं, तर आपल्याकडे त्याची जागा म्हशीचा किंवा बोकडाचा खिमा घेतो. पुढचं सगळं दोघांनाही सारखंच लागू आहे. फरक इतकाच की म्हशीचं मांस गडद असतं, चरबी पांढरी आणि कमी, त्यामुळे ते लवकर कोरडं पडतं.

‘लालभडक म्हणजे ताजा’

मांसाचा रंग मायोग्लोबिन या प्रथिनामुळे येतो. हवा लागली की ते चेरीसारखं लाल होतं, हवा न लागलेल्या भागात जांभळट राहतं, आणि वेळ गेला की तपकिरी पडतं. म्हणून खिम्याचा गोळा फोडला आणि आतून काळपट निघाला, तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. उलट, वरून लाल दिसतो म्हणून निर्धास्तही होऊ नये. दुकानातला दिवा लालसर असेल तर सगळंच ताजं दिसतं. बोटाला चिकट लागणं आणि आंबूस वास हे खराब झाल्याचे पुरावे आहेत. पण ते नसले म्हणजे माल चांगला, असाही अर्थ होत नाही. वास आणणारे जंतू वेगळे, आजारी पाडणारे बहुधा वेगळे. साल्मोनेला नाकाला वर्दी देऊन येत नाही.

मग बघायचं काय? ताटात आधीच करून ठेवलेला खिमा घ्यायचा नाही, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. रान किंवा खांद्याचा तुकडा निवडावा, त्याला शिन्याची थोडी चरबी जोडावी आणि समोर खिमा करून घ्यावा. यंत्रातून आधी कोंबडी गेली असेल तर ते धुवायला सांगायची लाज वाटू देऊ नये. पोळ्याच्या करीला दुकानापुढे रांग असते, तेव्हा एवढं ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसतो. त्या दिवशी तुकडेच घरी आणावेत आणि धारदार सुरीने बारीक करावेत. मिक्सरमध्ये करायचं असेल तर तुकडे आधी अर्धवट गोठवावेत. पात्यांच्या घर्षणाने मांस तापतं, चरबी वितळते आणि खिम्याऐवजी लगदा हाती येतो.

‘चरबी नको, एकदम सुका द्या’ ही मागणी मात्र मला पटत नाही. खिम्याचा ओलावा आणि चव बरीचशी चरबीवर टिकते. कबाबाला तर पाचव्या हिश्शापर्यंत चरबी लागते. तेल कमी खायचं असेल तर वरची तर्री काढून टाकता येते. कोरडा खिमा नंतर ओला करता येत नाही.

‘धुतला की स्वच्छ’

तुकडे धुण्याची सवय इतकी मुरलेली आहे की खिमाही चाळणीत घेऊन नळाखाली धरला जातो. आत मिसळलेले जंतू पाण्याने निघत नाहीत. निघतो तो रस, आणि उडणारे शिंतोडे ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या सांबारावर पडतात. तो सांबार शेवटी कच्चाच वरून घातला जातो. धुवायचंच असेल तर दुकानात खिमा करण्याआधी अख्खा तुकडा धुवावा.

हळद-मीठ किंवा दही चोळून ठेवलं की ‘टिकतं’, हाही असाच समज. चव मुरते, कच्ची पपई मांस मऊ करते, हे सगळं खरं. पण ओट्यावर ठेवलेल्या खिम्याचं मुरवण राखणदार होत नाही. मुरवायचं असेल तर फ्रिजमध्ये.

‘आत्ताच तर आणला, थोडा वेळ बाहेर राहिला तर काय होतं?’

साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस ही जंतूंच्या वाढीची पट्टी. कच्चं मांस तिच्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकाच तासाची मुभा, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा 40 च्या वर जातो, मे महिन्यात 44-45 ही नवलाई राहिलेली नाही. म्हणजे उन्हाळ्यात दोन तासांची सवलत आपल्यासाठी नाहीच. आठवडी बाजारात खिमा शेवटी घ्यावा, आधी नाही. गाडीच्या हँडलला अडकवलेली काळी पिशवी उन्हात किती तापते ते वेगळं सांगायला नको. डब्यात बर्फाच्या खड्यांची पिशवी टाकून नेणं हा स्वस्त उपाय आहे.

घरी आल्यावर 4 अंशांच्या फ्रिजमध्ये कच्चा खिमा एक-दोन दिवस राहतो. तुकडे यापेक्षा जास्त टिकतात, आणि त्याच हिशोबाने खिमा ठेवला जातो, तिथे चूक होते. डबा सर्वांत खालच्या खणात असावा, म्हणजे गळालं तरी दह्यात गळणार नाही. जास्त दिवस ठेवायचा तर उणे 18 अंशांत गोठवावा. तीन-चार महिने चव शाबूत राहते. एक दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुतेक वेळा तितका थंड होत नाही, त्यात आठवड्याच्या आत संपवलेला बरा. लाडवासारखा गोळा न ठेवता पिशवीत पातळ थापून ठेवावा. लवकर गोठतो आणि लवकर सुटतो.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, थांबतात. म्हणून सकाळी काढून ओट्यावर ठेवलेला गोळा हा वाईट बेत आहे: मधला भाग बर्फ असतानाच बाहेरचा भाग खोलीइतका गरम झालेला असतो. रात्री खालच्या खणात काढून ठेवावा, किंवा बंद पिशवी गार पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाने पाणी बदलावं. फ्रिजमध्ये सुटलेला खिमा पुन्हा गोठवला तर बिघडत नाही, थोडा कोरडा होतो. आणि वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नये. दार बंद असेल तर चार तास थंडावा टिकतो. त्याहून लांबलेल्या भारनियमनानंतर कच्च्या खिम्याची गय करू नये.

‘तपकिरी झाला म्हणजे शिजला’

खिमा आतून 71 अंशांपर्यंत तापायला हवा. रंगावरून ते कळत नाही, कारण काही खिमा त्याच्या बराच आधी तपकिरी होतो. 1993 मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत कच्चट हॅम्बर्गरमुळे ई. कोलाय O157:H7 पसरला, सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. त्यानंतर तिथे 1994 मध्ये कच्च्या खिम्यातला हा जंतू कायद्याने भेसळ ठरवला गेला.

आपल्या खिम्याला या बाबतीत फारशी भीती नाही. कांद्यावर परतून, पाणी घालून खदखदणारा खिमा 71 कधीच ओलांडतो, कुकरमध्ये तर 120 च्या आसपास पोहोचतो. धोका असतो तो जाड शामी कबाब, कटलेट आणि बर्गरच्या टिक्कीला: बाहेरून खरपूस, आतून कोमट. टिक्की पातळ करावी, आच मध्यम ठेवावी, आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळाला तर कडेने मधोमध खुपसावा.

शिजवण्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती क्वचित सांगितली जाते. मीठ कधी घालायचं हे पदार्थावर ठरतं. मिठाने मांसातलं मायोसिन सुटतं आणि खिमा चिकट होतो. कबाबाला तेच हवं असतं, म्हणून मीठ आधी घालून मळायचं. मोकळा खिमा हवा असेल तर मीठ परतल्यानंतर. भांडं चांगलं तापू द्यावं, खिमा थोडाथोडा घालावा; किलोभर एकदम ओतला की सगळं पाणी सुटतं आणि तो भाजण्याऐवजी उकडतो. बारीक आहे म्हणून दहा मिनिटांत होतो असंही नाही. म्हाताऱ्या रेड्याचा खिमा मंद आचेवर पाऊण तास मागतो.

‘गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवलं की फ्रिज बिघडतो’

मला विचाराल तर सगळ्यात महाग पडणारा समज हाच. कच्च्या खिम्याला आपण थोडं तरी घाबरतो, शिजलेल्याला नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळीतही तगतात, आणि अन्न हळूहळू निवू लागलं की जागे होतात. त्यांना सगळ्यात मानवतं ते 43 ते 47 अंश. तिथे दहा मिनिटांच्या आत संख्या दुप्पट होते. आपल्या मे महिन्यातली दुपार नेमकी तेवढीच गरम. घरच्या कार्यातला दहा किलोचा गंज झाकून रात्रभर तसाच ठेवला, तर मधला भाग तासन्‌तास त्या पट्टीत राहतो. सकाळी उकळी आणून हे जंतू मरतातही, पण स्टॅफिलोकोकस वाढून गेला असेल तर त्याचं विष उकळीलाही दाद देत नाही.

म्हणून जेवणं आटोपली की उरलेला खिमा उथळ परातींत किंवा छोट्या डब्यांत पसरावा, वाफ ओसरली की फ्रिजमध्ये ठेवावा. अख्खा गंज कोंबला तर फ्रिजवर ताण येतो हे खरं. छोट्या डब्याने येत नाही. असा खिमा तीन-चार दिवस राहतो. लागेल तेवढाच काढावा आणि खदखदेपर्यंत तापवावा. समोशाचं सारण करायचं असेल तर आटवून कोरडं करावं आणि पूर्ण गार झाल्यावरच भरावं; गरम सारणाने पारी ओली होते आणि समोसा तेलात फुटतो.