‘एल्स’ला टोपणनाव हवंय!

कोडिंग आता फक्त आयटीवाल्यांची मक्तेदारी राहिलेली नाही. बँकेतले, एचआरमधले, अगदी जाहिरात एजन्सीतलेसुद्धा वीकेंडला लॅपटॉप उघडून पायथन शिकताहेत. फंडा सिंपल आहे, ही भाषा म्हणे साध्या इंग्रजीसारखी वाचता येते. येतेही. फक्त ‘एल्स’पाशी गाडी अडते.

इफ-एल्स सगळ्यांना कळतं. पाऊस असेल तर छत्री घे, नाहीतर गॉगल. पण पायथनमध्ये फॉर लूपच्या शेपटालाही एल्स लावता येतं. समजा, किल्ली हरवलीय. एकेक खिसा तपासायचा, सापडली की ‘ब्रेक’ म्हणून थांबायचं. सगळे खिसे संपले आणि ब्रेकची वेळच आली नाही, तर चालतं ते एल्स. म्हणजे इथे अर्थ ‘नाहीतर’ नाहीच. ‘मध्ये कुठे थांबलो नाही तर’ असा आहे. आता सांगा बॉस, हे नुसत्या शब्दावरून कुणाला कळेल?

माझ्या एका मैत्रिणीला नाही कळलं. अकाउंट्समधली, एकदम शार्प. थकलेल्या बिलांची यादी छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिने एल्स वापरलं, ते ‘यादी रिकामी असेल तर’ अशा समजुतीने. रिकामी यादी देऊन टेस्टही केली. मेसेज आला, ‘एकही बिल थकलेलं नाही’. बरोबर! गंमत अशी, की रिकाम्या यादीतही ब्रेक होत नाही, त्यामुळे एल्स चालतंच. तिच्या चुकीच्या समजुतीवर कॉम्प्युटरने शिक्का मारला. सोमवारी खरी, २२ बिलांची यादी लावली, तरी खाली तोच मेसेज. आणि तो थेट साहेबांच्या मेलमध्ये! रात्री फोनवर म्हणाली, ‘मला डोकंच नाहीये गं याचं.’ माझी सटकली ती यावर. डोकं आहे, शब्द फसवा आहे.

पायथनचे जनक गिडो वान रॉसम यांनीच २००९ मध्ये सांगून टाकलंय, की पुन्हा सुरुवात करायची झाली तर ही सोय ते ठेवणारच नाहीत. पायथनच्या कोअर डेव्हलपर्सपैकी रेमंड हेटिंगर २०१३ च्या पायकॉनमध्ये म्हणाले, याला ‘नोब्रेक’ म्हणायला हवं होतं. मग जुना शब्द राहू दे, सोबत हे टोपणनाव द्यायला काय हरकत?

हरकती आहेत. नवा राखीव शब्द आला की तेच नाव आधी वापरलेले प्रोग्रॅम बंद पडतात. २०१८ मध्ये ‘असिंक’ राखीव झाला तेव्हा हे घडलं. पण २०२१ मध्ये आलेला ‘मॅच’ संदर्भ बघून ओळखला जातो, जुन्या कोडला धक्का नाही. त्यामुळे ही सबब आता कच्ची आहे.

दुसरी हरकत जड आहे. एका गोष्टीला दोन नावं पायथनला खपत नाहीत. ‘समान नाही’साठी पूर्वी != आणि <> दोन्ही चालायचं; २००८ च्या ३.० आवृत्तीने <> ला घरचा रस्ता दाखवला. शिवाय सी प्लस प्लसमध्ये १९९८ पासून && ऐवजी सरळ ‘अँड’ लिहिता येतं, तरी बहुतेक जण && च बडवतात!

पण && अनोळखी दिसतं, म्हणून माणूस अर्थ विचारतो तरी. एल्स ओळखीचं वाटतं, म्हणून कुणी विचारतच नाही. टोपणनावाची गरज इथे जास्त आहे, असं मला वाटतं.

तोवर एल्सच्या शेजारी # टाकून ‘नो ब्रेक’ अशी कॉमेंट लिहिणं, हा अनुभवी मंडळींचा उपाय आहे. मैत्रिणीने तिच्या फाइलमध्ये मराठीत लिहिलंय, ‘# कुठेच थांबलो नाही तर’. पायथनला चालतं.