‘शंभर वर्षांचा पूर’ : एका शब्दप्रयोगाचा हिशेब

सुरत शहरात पुराविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘असला पूर शंभर वर्षांत एकदाच येतो.’ बोलणारा हे वाक्य बहुधा दिलासा देण्यासाठी उच्चारतो आणि ऐकणाराही दिलासा घेऊनच उठतो. एक मोठा पूर होऊन गेला, तेव्हा आता आपल्या हयातीत चिंता नाही, असा त्याचा अर्थ उभयपक्षी गृहीत धरलेला असतो. आम्ही गणिताचे पदवीधर नव्हे. भाषा व इतिहास हेच आमचे विषय. तथापि या वाक्यात जो घोटाळा आहे तो गणिताइतकाच भाषेचाही आहे, आणि म्हणूनच त्याची चर्चा या पानांतून करण्याचे धाडस आम्ही करीत आहो.

तापीचा उगम मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे होतो. तेथून सुमारे ७२४ किलोमीटर वाहत येऊन ती सुरतेच्या खाली समुद्रास मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरांचे असून त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग महाराष्ट्रात, म्हणजे वऱ्हाड व खानदेश या प्रांतांत मोडतो. सुरतेच्या घरांत शिरणारे पाणी बव्हंशी मराठी मुलखात पडलेले असते, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना निराळी शिकवावी लागत नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणारी त्यांची कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून, नदीच्याच वाटेने येथे आली. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की गावाकडून फोन येतो, आणि मुले ती बातमी आम्हांस वर्तमानपत्रापूर्वी सांगतात.

या खोऱ्याची आणखी एक खोड जाणत्यांनी सांगितलेली आहे. बंगालच्या उपसागरावरून येणारी वादळे पुष्कळदा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात, आणि तापीही त्याच दिशेने वाहते. त्यामुळे वरच्या भागातील पुराचा लोंढा खाली येत असता पाऊसही जणू त्याच्या बरोबरीने चालत येतो. १८८३, १९४४, १९४५, १९५९ या सालांच्या पुरांच्या नोंदी आहेत. परंतु जुन्या सुरतकरांच्या स्मरणात पक्का बसला तो ऑगस्ट १९६८ चा. त्या वेळी नदीतून सेकंदाला सुमारे पंधरा लाख घनफूट पाणी गेले असा अंदाज आहे. पुढे १९७२ साली शहराच्या वर सुमारे शंभर किलोमीटरांवर उकाई धरण पूर्ण झाले आणि पुराची गोष्ट आता आजोबांनी सांगावयाची गोष्ट झाली, असे लोकांस वाटू लागले. ऑगस्ट २००६ मध्ये, ऐन आश्लेषा नक्षत्रात, शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. आम्ही तेव्हा साधे शिक्षक होतो. पाणी ओसरल्यावर शाळेत गेलो तो हजेरीपत्रके लगद्यासारखी झालेली, आणि भिंतीवर फळ्याच्या वरच्या कडेशी चिखलाची एक सरळ रेघ. ती रेघ रंगाने कायम करून खाली साल लिहावे असे आम्ही सुचविले. भिंत मात्र दिवाळीपूर्वी पांढरी झाली.

आता मूळ वाक्याकडे वळू. ‘शंभर वर्षांचा पूर’ हा अभियंत्यांच्या परिभाषेतील शब्द आहे. त्याचा अर्थ इतकाच की, तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची संभाव्यता शंभरात एक आहे. ही संभाव्यता दर वर्षी नव्याने तेवढीच असते. गतवर्षी पूर आला म्हणून ती यंदा कमी होत नाही, अथवा नव्व्याण्णव वर्षे आला नाही म्हणून वाढतही नाही. नदीजवळ वही नसते.

मुलांना हे सांगून पटत नाही. आम्हांलाही पटले नव्हते. म्हणून एके वर्षी नववीच्या वर्गात एक मडके आणि शंभर चिंचोके आणले. एका चिंचोक्यास तांबडा रंग दिला. प्रत्येक मुलाने डोळे मिटून एक चिंचोका काढावयाचा, पाहून परत मडक्यात टाकावयाचा, मडके हलवावयाचे, आणि असे पन्नास वेळा करावयाचे. एक वेळ म्हणजे एक वर्ष. तांबडा चिंचोका निघाला तर त्या वर्षी घरात पाणी. दोन तास वर्गात नुसता खडखडाट चालला होता. शेवटी हात वर करण्यास सांगितले, तेव्हा निम्म्याहून काही कमी मुलांनी हात वर केले. एका मुलीस तो दोनदा आला होता आणि दुसरी खेप पहिल्यानंतर लवकरच आली होती. ‘सर, मग हा शंभर वर्षांचा कसा?’ असे तिने विचारले. वर्षभर आम्ही जे व्याख्येने सांगू शकलो नसतो, ते या प्रश्नाने वर्गास सांगितले.

हिशेब अवघड नाही. एका वर्षी पूर न येण्याची संभाव्यता शंभरात ९९. पन्नासही वर्षे तो न येण्याची संभाव्यता काढण्यासाठी ०.९९ ही संख्या पन्नास वेळा गुणावी; उत्तर सुमारे ०.६०५ येते. म्हणजे पन्नास वर्षांत निदान एकदा तरी असा पूर पाहावा लागण्याची संभाव्यता शेकडा साडेएकोणचाळीस झाली. तीस वर्षांसाठी ती शेकडा २६ आणि पुऱ्या शंभर वर्षांसाठी शेकडा ६३ भरते. शंभर कधीच नाही. पन्नास वर्षांत दोनदा वा अधिक वेळा येण्याची संभाव्यताही शेकडा नऊच्या आसपास आहे. चाळीस मुलांच्या वर्गात तीन-चार मुलांच्या वाट्यास हे यावे. त्या मुलीचे दैव विशेष खोटे नव्हते.

परंतु शंभरात एक हा आकडा आला कोठून? येथे खरी मेहनत आहे. दर वर्षीचा सर्वांत मोठा प्रवाह तेवढा टिपून ठेवावयाचा, आणि मग ती यादी सालाप्रमाणे न लावता आकाराप्रमाणे उतरत्या क्रमाने लावावयाची. साठ वर्षांची नोंद असल्यास पहिल्या क्रमांकाच्या पुराचा पुनरावर्तनकाल ६१ वर्षे, दुसऱ्याचा त्याच्या निम्मा म्हणजे साडेतीस, तिसऱ्याचा एक-तृतीयांश, असा एक सोपा नियम आहे. यावरून हेही ध्यानी येईल की, साठ वर्षांच्या नोंदीत शंभर वर्षांचा पूर प्रत्यक्ष असेलच असे नाही. तो अनुमानाने, नोंदीच्या पलीकडे रेषा वाढवून काढावा लागतो. ही रेषा कशी वाढवावी याचे शास्त्र ज्यांनी रचले त्यांत एमिल गुंबेल यांचे नाव अग्रभागी आहे. आत्यंतिक मूल्यांच्या सांख्यिकीवरील त्यांचा ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला. या गृहस्थाविषयी दोन शब्द अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत झालेल्या राजकीय खुनांची त्यांनी मोजदाद केली आणि १९२२ साली ती छापली : उजव्या पक्षीयांनी केलेले ३५४, डाव्यांनी केलेले २२. कोणास किती शिक्षा झाली हेही त्यांनी मांडले. ही मोजणी अनेकांस रुचली नाही. १९३२ साली हायडेलबर्ग विद्यापीठातील त्यांची जागा गेली आणि पुढे देशही सुटला. पुरांची मोजणी करणे त्या मानाने निर्धोक म्हटले पाहिजे.

निर्धोक, पण निर्वेध नव्हे. या सर्व गणितामागे एक गृहीतकृत्य दडलेले असते : आजची नदी व साठ वर्षांपूर्वीची नदी एकच आहे. मडक्यातील चिंचोके कोणी मध्येच बदललेले नाहीत. सुरतेपुरते पाहिले तर ते किती वेळा बदलले! १९७२ साली धरण आले, तेव्हा जुनी यादी व नवी यादी एकत्र करण्याजोगी राहिली नाही. काठांवर वस्ती वाढली, सिंगणपोर येथे नदीवर बंधारा झाला. याचा परिणाम पाहावयाचा तर होप पुलापाशी पाहावा. १९६८ साली सुमारे पंधरा लाख घनफुटांनी तेथील पाणी बारा मीटरांच्या वर नेले. २००६ साली धरणातून जास्तीत जास्त सुमारे नऊ लाख घनफूट सोडण्यात आले, तरीही पाणी पुन्हा बारा मीटरांच्या वरच गेले. प्रवाह पुष्कळच कमी, पातळी मात्र तीच. तेव्हा ‘शंभर वर्षांचा’ म्हणजे शंभर वर्षांचे काय, पाणी की पातळी, हे विचारल्यावाचून त्या वाक्यास अर्थच उरत नाही. अभियंता पाण्याविषयी बोलत असतो. तळमजल्यावरील माणूस पातळीविषयी ऐकत असतो.

याच्या उलट प्रकारचे उदाहरण ओरिसात घडले आहे. १९२६ साली ब्राह्मणी नदीस मोठा पूर आला. नदीचा तळ उचलला गेला आहे, सबब बांध उंच करावेत, असे अभियंत्यांचे मत पडले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासून दाखवून दिले की, तळ उचलला गेल्याचा पुरावा नाही. वरच्या खोऱ्यात पाऊसच अतोनात झाला होता. उपाय करावयाचा तर तो वर, धरणाच्या रूपाने करावा. तेथे नदी बदलली असे सर्वांस वाटत होते आणि आकडे नाही म्हणाले. आमच्या येथे नदी तीच आहे असे सर्वांस वाटत होते आणि आकडे तिचे बदलणे सांगत होते. दोन्ही ठिकाणी वही उघडल्यावाचून हे कळण्याजोगे नव्हते.

धरण बांधल्यानेही प्रश्न मिटत नाही, तो दुसऱ्या रूपाने उभा राहतो. उकाईचे पाणी दक्षिण गुजरातच्या शेतीस, विजेस व शहरांस हवे असते; त्यासाठी पावसाळ्याअखेर जलाशय ३४५ फुटांपर्यंत भरलेला असावा लागतो. पूर अडविण्यासाठी मात्र तोच जलाशय रिकामा हवा. ऑगस्टच्या प्रारंभी किती जागा रिकामी ठेवावी? फार ठेवली आणि पाऊस फिरला तर उन्हाळ्यात शेते करपतात. थोडी ठेवली आणि वादळ आले तर शहर बुडते. या दोन चुकांपैकी एकीची संभाव्यता घटविली की दुसरीची वाढते. म्हणून महिन्यामहिन्याला जलाशयाची पातळी किती असावी याची मर्यादा आधीच ठरवून ठेवतात, आणि ती मागील पावसाच्या नोंदींवर आधारलेली असते. २००६ नंतर ‘पाणी अगोदर का सोडले नाही’ हा वाद पुष्कळ काळ चालला. त्याच्या न्यायनिवाड्यात आम्ही शिरत नाही. मात्र पूर येऊन गेल्यावर तो येणारच होता असे वाटणे निराळे, आणि येण्यापूर्वी त्याची संभाव्यता तोलून दरवाजे उघडणे निराळे, हे वादात उतरणाऱ्यांनी मनाशी धरावयास हवे होते.

शब्दाविषयी आमची सूचना साधी आहे. पाठ्यपुस्तकांतून व वर्तमानपत्रांतून ‘शंभर वर्षांचा पूर’ हा प्रयोग काढून ‘दर वर्षी शंभरात एक संभाव्यतेचा पूर’ असे लिहावे. तो लांब आहे व कानास गोड नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण ‘वर्षांचा’ या षष्ठीने जो भ्रम होतो तो त्यात होत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. नंदुरबारकडचे, मागावर काम करणारे. नदीकाठच्या बाजूस तळमजल्याची एक खोली कमी भाड्यात मिळत होती आणि घरमालकाने तेच शंभर वर्षांचे वाक्य त्यांस ऐकविले होते. ‘सर, घ्यावी का?’ असे त्यांनी विचारले. आम्ही फळ्यावर मांडून दाखविले : पाच वर्षे राहणार असाल तर शंभरात एकच्या हिशेबाने धोका शेकडा पाचच्या आसपास, परंतु त्या गल्लीत पाणी पंचवीस वर्षांच्या हिशेबाने चढत असेल तर तोच शेकडा साडेअठरा. कोणता हिशेब खरा हे गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांस भिंतीवरील पाण्याच्या खुणा विचारून पाहा. ते जाऊन विचारून आले. खोली त्यांनी घेतली, भाडे खरोखरच कमी होते. मात्र मुलांचे दाखले, रेशनकार्ड व गावच्या जमिनीचे उतारे असलेली पेटी त्यांनी पहिल्याच दिवशी माळ्यावर चढविली, आणि वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी बोलून ठेवले.