गंधकाला वाफ बेतानेच का?



हंगामात कारखाना पाहायला आलेले सभासद गंधक वितळवण्याच्या टाकीपाशी हमखास विचारतात, "बॉयलरला एवढी वाफ असताना इथं हात आखडता का? जास्त सोडली तर गंधक लवकर पातळ होईल की!" प्रश्न रास्त आहे. म्हणून खुलासा करीत आहोत.

गंधक हवेत जाळून जो वायू निघतो, तो चुन्याच्या निवळीबरोबर उसाच्या रसात सोडतात. त्याने रसातील गाळ खाली बसतो आणि रंग उजळतो. वायू कमी पडला तर साखर पिवळट निघते व भाव कमी येतो. म्हणजे गंधक नीट वाहणे हा आपल्या पैशाचा प्रश्न आहे.

आपला नेहमीचा अनुभव असा, की तापवले म्हणजे पदार्थ पातळ होतो. गार काकवी भांड्यातून हलत नाही, चुलीवर ठेवली की सरसर वाहते. कढईतला रस आटून घट्ट होतो, पण तिथे पाणी उडून जाते. गंधकातून काहीही उडून न जाता तो तापवल्यानेच घट्ट होतो!

सुमारे ११५ ते ११९ अंश सेल्सियसला गंधक वितळतो. तेव्हा तो पिवळा आणि तेलासारखा पातळ असतो. १६० अंशांच्या आसपास मात्र रंग लालसर तपकिरी होऊ लागतो आणि घट्टपणा हजारो पटींनी वाढतो. १९० अंशांच्या सुमारास तर भांडे उलटे केले तरी गंधक पडत नाही. त्याहून बराच तापवला की पुन्हा पातळ होतो आणि ४४५ अंशांच्या आसपास उकळतो.

याचे कारण असे. गंधकाचे आठ-आठ अणू बांगडीसारखे गोल जोडलेले असतात. सुट्या बांगड्या एकमेकींवरून सहज घसरतात. १६० अंशांजवळ त्या तुटतात आणि तुटलेली टोके एकमेकांना जुळून लांबच लांब साखळ्या होतात. सुतळीचा गुंता व्हावा तसे त्यांचे होते. मग गंधक वाहणार कसा? आणखी उष्णतेने साखळ्याच तुटून आखूड होतात, म्हणून तो पुन्हा पातळ होतो.

आता वाफेचा हिशेब पाहा. ३ किलो दाबाची वाफ सुमारे १४३ अंशांची असते, ७ किलोची १७० च्या आसपास. दाब वाढवला तर गंधक नळीत अडकतो, रसशुद्धी थांबते, गाळप रेंगाळते. वाळतो तो अड्ड्यावर गाडीत उभा असलेला आपलाच ऊस. म्हणून टाकी १२५ ते १४५ अंशांतच ठेवायची.

चुकून घट्ट झालाच, तर वाफ बंद करून थांबावे. निवला की तो आपोआप पातळ होतो. नळीला टेंभा लावण्याची घाई कोणी करू नये. गंधक पेट घेतो आणि त्याचा धूर छातीत भरतो.

अति तेथे माती म्हणतात, ते गंधकालाही लागू आहे.